निमगाव सावा येथील रविवार

पुण्याहून नाशिकच्या सडकेने निघाले म्हणजे राजगुरुनगर व मंचर मागे टाकून नारायणगाव लागते. तेथे मोठी सडक सोडून पूर्वेस वळावे, की जुन्नर तालुक्याच्या ज्या भागाचे प्रवासवर्णन सहसा कोणी लिहीत नाही त्या भागात आपण शिरतो. जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री ही स्थळे वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ती सर्व पश्चिमेकडील, सह्याद्रीच्या कुशीतली. तेथे पावसाळ्यात आभाळ फाटते. तेच ढग पूर्वेकडे येईतो रिते होतात, आणि अवघ्या काही कोसांच्या अंतरात भाताची खाचरे संपून बाजरीचा मुलूख सुरू होतो. ह्या कोरड्या पट्ट्याचे रूप पालटले ते कुकडी प्रकल्पाने. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ह्या पाच धरणांचे पाणी कालव्यांतून खेळू लागले आणि बाजरीच्या जागी ऊस व कांदा आला. निमगाव सावा हे ह्याच पूर्व भागातले गाव. पुणे जिल्ह्यात निमगावे अनेक. खंडोबाचे प्रसिद्ध निमगाव खेड तालुक्यात आहे. आमचे निमगाव तितके प्रसिद्ध नाही, आणि आम्ही तेथे दर आठवड्यास जातो तेही देवदर्शनास नव्हे.

निमगाव हे आमच्या सौ.चे माहेर. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपल्याकडील रीत, व पुण्यासारख्या शहरात दवाखाने हाकेच्या अंतरावर असूनही ती आमच्या घरी पाळण्याचे ठरले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपले आणि दिवाळीनंतर सौ. इकडे आल्या. तेव्हापासून शनिवारी सायंकाळी आम्ही पुणे सोडतो व सोमवारी पहाटे परततो.

ह्या काळात जावयाची जी अवस्था होते, ती आमच्या अनेक वाचकांनी अनुभवली असेल. घरातील प्रत्येक मनुष्यास काही ना काही काम असते. सासूबाई डिंक व आळीव निवडीत असतात, आजेसासूबाई जुनी लुगडी काढून दुपटी शिवीत असतात, सासरे माळ्यावरचा पाळणा खाली काढून त्याच्या कड्या तपासतात. जावयास मात्र एकच काम : पाटावर बसावयाचे व वाढतील ते संपवावयाचे. हे काम आम्ही लहानपणापासून इतके मन लावून करीत आलो आहो, की गेल्या गणेशोत्सवात आमचे वजन 98 किलो भरले. उंची पाच फूट सहा इंच.

एवढ्यावर विनोद करून विषय सोडून देता आला असता. परंतु आमच्या वडिलांस मधुमेह होता, आणि आम्ही बारा वर्षांचे असताना एका पहाटे हृदयविकाराने ते गेले. तेव्हा त्यांचे वय एक्केचाळीस होते. आम्हांस आज एकोणचाळिसावे वर्ष चालू आहे. सौ.ना दिवस गेल्याचे कळले त्या रात्री घरात सर्वजण आनंदात होते; आम्हीही होतो. पण निजावयास गेल्यावर मन आपोआप हिशेब करू लागले. वडिलांइतकेच आयुष्य आम्हांस लाभले, तर येणारे मूल तेव्हा दोन वर्षांचे असेल. आम्हांस वडिलांचा आवाज निदान आठवतो. दोन वर्षांच्या मुलास काय आठवणार?

आमच्या वैद्यकीय सल्लागारांनी रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला, आणि औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक वाक्य दिले : आधी चाला, मग धावा, पण सावकाश. हे सावकाश कसे करावे ह्याची एक पद्धत 1996 साली जॉश क्लार्क ह्या अमेरिकन गृहस्थाने घालून दिली व ती आता जगभर रूढ झाली आहे. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद धावावयाचे व नव्वद सेकंद चालावयाचे, असे वीस मिनिटे; आठवड्यातून तीन दिवस, मध्ये विश्रांती. धावण्याचा अंश हळूहळू वाढवीत नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास. आम्ही देहमान पाहून प्रत्येक आठवडा दोनदा करावयाचा असे ठरविले, म्हणजे नवाचे अठरा झाले. गणेशविसर्जनानंतर आरंभ केला तेव्हा पाचवा महिना चालू होता. त्या हिशेबाने आमचा अठरावा आठवडा आणि सौ.चा नववा महिना साधारण एकाच सुमारास यावयाचे होते.

साठ सेकंद म्हणजे किती मोठा काळ असतो हे ज्याने स्थूल देहाने धावून पाहिले नाही त्यास कळावयाचे नाही. पहिल्या दिवशी चाळीसाव्या सेकंदास छाती भात्यासारखी चालू लागली. पुढे उमगले की चूक पायांत नसते, वेगात असते. धावताना शेजारच्या मनुष्याशी एक पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. न आले तर वेग कमी करावा, मग तो चालण्याइतका झाला तरी चालेल. दुसरे असे की, हृदय व फुप्फुसे थोड्याच आठवड्यांत तयार होतात. परंतु स्नायुबंध व हाडे ह्यांस महिने लागतात. म्हणून उत्साह वाटू लागला की तेथेच जपावयाचे. मधला विश्रांतीचा दिवस हा आळसाचा नव्हे. त्या दिवशीच शरीर आपली डागडुजी करते.

पुण्यात हे सर्व टेकडीच्या पायथ्याशी, आमच्यासारख्याच लोकांच्या गर्दीत चालते. तेथे कोणी वळून पाहत नाही. निमगावातील धावणे निराळे. पहिल्या रविवारी आम्ही पहाटे पाचास बूट बांधू लागलो, तेव्हा सासरे ओसरीवरून उठून दारात उभे राहिले. "जावईबापू, दिवस उगवल्याशिवाय बाहेर पडावयाचे नाही." कारण विचारण्याची गरज नव्हती. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत उसाबरोबर बिबट्या आला आहे. वर्षसव्वा वर्ष उभा राहणारा ऊस त्यास जंगलासारखाच. तेथेच तो लपतो, तेथेच मादी विते. माणसांवरही हल्ले झाले आहेत, आणि अनेक घरांनी आपली माणसे गमावली आहेत. म्हणून येथील लोक अंधारात एकटे जात नाहीत, उसाच्या कडेने खाली वाकून बसत नाहीत, बोलत व आवाज करीत चालतात. पौषात सूर्य सातच्या पुढे वर येतो. आमचे धावणे त्यानंतर, मोकळ्या रस्त्याने, आणि मेहुणा सायकलवर सोबत. धावताना बोलता आले पाहिजे हा नियम येथे दोन कारणांनी उपयोगी पडला.

हे दिवस ऊसतोडीचे. साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या आमच्या शेजारून हळूहळू पुढे जात, आणि त्यांनी आम्हांस मागे टाकले तरी फार मागे टाकले असे होत नसे. ज्या साखरेच्या भयाने आम्ही धावत होतो ती अशी रोज आमच्या बरोबरीने चालली होती. कांद्याच्या वाफ्यांतून लावणीच्या बाया वर पाहत. एका म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी काळजीने विचारले, "पाव्हणं, वाघ मागं लागला का काय?" येथे बिबट्यास वाघच म्हणतात, तेव्हा प्रश्न थट्टेचा नव्हता. नाही म्हणताच तो म्हणाला, "मग पळताय कशापाई?" ह्याचे उत्तर आम्हांस चालत्या पायी देता आले नाही. मेहुण्यानेच दिले : "आबा, दाजी बाप व्हनार हायेत." म्हाताऱ्याने मान डोलविली, जणू ह्यात समजण्यास कठीण असे काही नव्हते. पुढल्या रविवारपासून तो आम्हांस थांबवून केवळ "किती झालं?" एवढेच विचारू लागला.

जवळच्याच आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे, ज्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी पैठणास वेद वदविले. आमचे मेहुणे आम्हांस धीर देताना ह्या गोष्टीचा उल्लेख वारंवार करीत. त्यातील उपमा आमच्या ध्यानात आली नाही असे नाही.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे पाय धावण्यास परके नाहीत. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांचा वेग पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यातूनच 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले. त्यांतील बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पाय सुटले ते बैठकीच्या धंद्यांत पडलेल्या आमच्यासारख्यांचे.

ह्याची शास्त्रीय बाजूही पुणे जिल्ह्यातच अभ्यासिली गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनी 2004 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. परंतु युडकिनांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचे धावणे रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यापुरते, असे त्यांनीच विनोदाने नमूद केले. पण धावणे हे त्यातील एकच कारण. दुसरे जन्मापूर्वीचे. 1993 साली डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो. आपली बालके इतकी लहान. पण ही कमतरता मुख्यतः स्नायूंची होती, मेदाची फारच थोडी. बारीक दिसणारे व आतून मेद जपणारे हे बालक पुढे सुखवस्तू झाले की मधुमेहास लवकर बळी पडते.

हे वाचून आम्ही प्रथम खिन्न झालो. कारण आमच्या धावण्याने गर्भातील बालकाचे स्नायू वाढणार नाहीत. त्याच्या पोषणाचा भार आता सर्वस्वी त्याच्या आईवर. पण मूल केवळ देह घेऊन येत नाही, ते एका घरात येते. त्या घरात पाने कशी वाढली जातात, संध्याकाळ कशी जाते, मोठी माणसे जिना चढतात की टाळतात, हे ते पाहत पाहत शिकते. तेवढे तरी आमच्या हाती आहे.

आणि आमच्या ह्या अर्ध्या तासाचा अभिमान वाटू लागला की आम्ही ओसरीवर बसलेल्या सौ.कडे पाहतो. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते, आणि तिचे हृदय बसल्या जागी अधिक रक्त फेकीत असते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेचा मुलूख महिनोन्‌महिने आडवा धावून जाणाऱ्यांच्या शक्तिव्ययाचा हिशेब मांडला होता. मनुष्यदेह दीर्घकाळ जेवढा व्यय सोसू शकतो त्याची मर्यादा विश्रांतीच्या व्ययाच्या अडीच पट ठरली. आणि गर्भवतीचा व्यय 2.2 पट, म्हणजे त्या मर्यादेच्या अगदी लगत. घरातील सर्वांत लांबची धाव कोण धावत आहे हे ह्यावरून स्पष्ट व्हावे. तिला विश्रांतीचा दिवस नाही, आणि मध्येच चालण्याची सवलतही नाही.

बिबट्यांत बाप नामानिराळा असतो. ऊसतोडीत पिल्ले सापडली, की वनखाते व माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्राचे लोक ती तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. रात्री मादी येते आणि एकेक तोंडात धरून घेऊन जाते. नर येत नाही. त्याची कोणी वाटही पाहत नाही. मनुष्याने मात्र बापाची वाट पाहणारी मुले निर्माण केली आहेत. आईस मातृत्वाची तयारी देहच करवून घेतो. बापास ती आपण होऊन अंगावर घ्यावी लागते, आणि नाही घेतली तरी नऊ महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

गेल्या पंधरवड्यात सासूबाईंच्या सांगण्यावरून आम्ही लेण्याद्रीस जाऊन आलो. पुत्रप्राप्तीसाठी पार्वतीने तप केले ते ह्या डोंगरावर, म्हणून येथील गणपतीचे नाव गिरिजात्मज. सुमारे तीनशे पायऱ्या. विद्यार्थिदशेत आलो होतो तेव्हा पाच वेळा बसलो होतो. ह्या खेपेस सावकाश, पण न बसता वर पोहोचलो. गाभाऱ्यात उभे राहिल्यावर मागणे तयार होते, तरी ओठांवर दुसरेच आले : मूल सुखरूप असो, आणि ते बारा वर्षांचे होईल तेव्हा ह्या पायऱ्या त्याच्याबरोबर चढता येवोत.

अठरावा आठवडा ह्या रविवारी पुरा झाला. सलग तीस मिनिटे धावलो. कोणीही चालत गाठावे असा वेग, तरी न थांबता. वजन 92 किलोवर आले आहे, म्हणजे अद्याप पुष्कळ उतरावयाचे आहे. औषधे चालूच आहेत. आबांनी विचारले, "किती झालं?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, "आता पोरगं आल्यावर सोडू नका म्हंजे झालं." आमच्या वैद्यांनीही नेमके हेच सांगितले होते. माघात घरात नवे माणूस येईल. रात्री जागरणाच्या होतील, आणि काही दिवस बूट कोपऱ्यात पडून राहतील. ते दिवस किती असतील हे आज सांगता येत नाही. पण पुन्हा आरंभ करावयाचा झाला, तर तो साठ सेकंदांपासून करता येतो.