उरलेली ३६ मिनिटं

जुलैमध्ये प्रवेश उरकतात आणि लगोलग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागतं. मध्ये सगळा पाऊस. आमचं कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं, मग बास्केटबॉल. त्यात संघातली बहुतेक पोरं एफवायची असली, की सुरुवातीचे सामने कसे जाणार हे जंप बॉलच्या आधीच दिसत असतं.

यंदाही तेच चाललंय. आपले बास्केट होत नाहीत आणि समोरच्यांचे अडत नाहीत. जुने खेळाडू येऊन सांगतात, ‘सर, शूटिंग वाढवा.’ दुसरा म्हणतो, ‘डिफेन्स फार कच्चा आहे.’ मला यात दोन दुखणी दिसत नाहीत, एकच दिसतं.

हिशोब सोपा आहे. सामना ४० मिनिटांचा, मैदानावर दहा जण, चेंडू एक. अगदी सारखा वाटला तरी एकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. उरलेली ३६ मिनिटं हात रिकामे. आता हा मुलगा शाळेत होता तेव्हा शाळेचा हिरो होता. चेंडू फिरून फिरून त्याच्याकडेच यायचा. त्यामुळे हात रिकामे असताना काय करायचं, हे शिकायची त्याच्यावर कधी वेळच आली नाही. पास दिला की तो थांबतो आणि मांडवातल्या पाहुण्यासारखा पुढचा कार्यक्रम बघत राहतो.

मग होतं असं. एक जण ड्रिबल करतोय, चौघे बघताहेत. कुणी कट मारत नाही, म्हणून समोरचे खुशाल रिंगखाली गर्दी करून उभे. २४ सेकंदांचं घड्याळ अर्ध्यावर येतं, पोराचा धीर सुटतो आणि तो ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून मारून मोकळा होतो. लांबून मारलेला चेंडू रिंगवर आदळला की बऱ्याचदा लांबच उडतो. तो समोरच्याच्या हातात, आमचे चौघे अजून टाचांवर. दोन पास, लेअप, दोन गुण. हे दोन गुण लोक डिफेन्सच्या नावावर घालतात. खरं तर ते आमच्याच अटॅकमध्ये, कुणी हललं नाही तेव्हाच गेलेले असतात.

सेट डिफेन्समध्येही तोच प्रकार. सरावात चार विरुद्ध चार लावतो आणि मध्येच शिट्टी मारून सगळ्यांना जागेवर गोठवतो. चेंडू उजव्या कोपऱ्यात. डाव्या बाजूच्या पोराची मान पूर्ण चेंडूकडे वळलेली, पाय सरळ, हात मांडीवर.

‘तुझा माणूस दाखव.’

तो डावीकडे बोट करतो. तिथं कुणीच नाही. माणूस केव्हाच पाठीमागून रिंगखाली पोचलाय.

‘सर, आत्ता तर इथंच होता!’

त्यावर माझं म्हणणं नेहमीचंच: एक हात चेंडूकडे, एक हात माणसाकडे, दोन्ही एका नजरेत मावेपर्यंत मागे सरक. हे समजायला मिनिट पुरतं, अंगात मुरायला दिवाळी उजाडते.

दुसरी अडचण तोंडाची. कॅन्टीनमध्ये ज्यांचा आवाज गेटपर्यंत येतो, ते कोर्टवर मुके होतात. नव्या पोराला समोरून येणारा स्क्रीन दिसतो, पण टीवायच्या खेळाडूवर ओरडायचं कसं? तो आदबीनं ‘दादा...’ म्हणून सुरुवात करतो, आणि पुढचा शब्द येईपर्यंत दादा स्क्रीनवर धडकलेला असतो. आता कोर्टवर ‘दादा’ बंद, नुसती नावं. दादांची हरकत नव्हती. धडक त्यांनाच बसत होती.

तरुण संघाचं हे रडगाणं सगळीकडचं आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचा संघ २०२०-२१ मध्ये जवळजवळ सगळा नवा होता. पहिल्या सात सामन्यांत एकच विजय, हंगामाअखेर ९ विजय आणि १६ पराभव. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनीच २०१२ मध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांच्या जोरावर राष्ट्रीय विजेतेपद घेतलं होतं. त्या अंतिम सामन्यात अँथनी डेव्हिसनं दहा शॉट मारले, गेला एकच. गुण फक्त ६. पण रिबाऊंड १६, ब्लॉक ६, असिस्ट ५, आणि स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच. हे आकडे मी पोरांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं, सर सहा गुणांबद्दल थट्टा करताहेत.

यावर एक तोडगा सगळे सुचवतात, दोन-तीनचा झोन लावा. प्रत्येकाला जागा वाटून दिली की माणूस हरवण्याचा प्रश्न झाकला जातो, आणि ऑगस्टमध्ये एक-दोन सामने जास्तीचे मिळतातही. मला तो मोह होत नाही असं नाही. पण कोपऱ्यातून धड शूटिंग करणारा पहिला संघ भेटला की तो झोन फाटतो, आणि तोवर माझ्या पोरांना माणूस धरायची सवयच लागलेली नसते. म्हणून सध्या मॅन टू मॅनच. सरावात अटॅकला एकच अट आहे: पास देणाऱ्यानं जागा बदलल्याशिवाय पुढचा पास द्यायचा नाही. गुरुवारचा सामना गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी आहे. बहुधा हरू. स्कोअररशेजारी एका राखीव खेळाडूला वही देऊन बसवणार आहे. पास दिल्यावर कोण उभं राहिलं, एवढंच त्यानं लिहायचं आहे.