चाकणची पोलो, काळ्या मातीचा रस्ता

पोलो जीटी टीएसआय दीड लाख किलोमीटरपुढे गेली. चाकणला २०२२मध्ये पोलो बनणं थांबलं, म्हणून ही मला टिकवायचीच आहे. कंधार-लोहा-नांदेड रोजचं. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर खालीवर होतं. थकलेल्या शॉकअपवर गाडी झोके खात राहते.

आज चारही शॉकअप बदलले, पुढचे टॉप माउंट आणि लोअर आर्मचे बुशही. मिस्त्रींनी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले. किती मोलाची ही सवय! आर्म लटकता असताना आवळलं, तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. मग अलाइनमेंट.

कडक, बुटक्या स्प्रिंग मुद्दाम घेतल्या नाहीत. या रस्त्याला मूळचीच लवचीकता हवी.