अण्णांचा अकरा राज्यांचा डाव

४ मे

अण्णांचा डाव सन १७०० च्या पुढे सरकला आणि कॉम्प्युटर जवळजवळ थांबलाच. टर्न संपवायचं बटण दाबलं की इतर राज्यांची वाट बघतोय अशी ओळ पडद्यावर येते, मग आपणही वाट बघायची. आज मी घड्याळ लावलं. दीड मिनिटाच्या थोडं वर गेलं. डाव सुरू होतो इ.स.पू. ४००० ला, तेव्हा हेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. अण्णा तेवढ्या वेळात पेपरातलं शब्दकोडं पुढे सरकवतात, तक्रार करत नाहीत. पण अलीकडे संध्याकाळी ते कॉम्प्युटर लावायचंच टाळायला लागलेत, आणि ते मला बघवत नाही.

खेळ म्हणजे सिव्हिलायझेशन फोर. मूळ खेळ फिराक्सिसने २००५ साली काढला. अण्णा खेळतात ती २००७ ची ‘बियाँड द सोर्ड’ ही पुरवणी. निवृत्तीनंतर त्यांना हा खेळ माझ्या भावाने शिकवला आणि ते त्यात रमले. नेहमी भारत घेतात, राजा अशोक. शहरांची नावं मात्र स्वतःची देतात. त्यांच्या साम्राज्यात मनमाड हे विद्येचं माहेरघर आहे आणि भुसावळला तोफा ओततात.

नवा कॉम्प्युटर घेऊन देते म्हटलं. “अगं, हा चालतोय की. याला काय झालंय ते तर बघ आधी.” रास्त आहे.

५ मे

कशालाच हात न लावता आज नुसतं बघत बसले. खेळ छोट्या खिडकीत चालवला, शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला. मशीन कोअर टू ड्युओचं, रॅम २ जीबी, वर ३२ बिटचं विंडोज ७. अण्णांनी टर्न संपवला आणि प्रोसेसरचा आकडा पन्नास टक्क्यांवर जाऊन चिकटला. तिथून हलेना. दोन कोअर आहेत, पण खेळाचं सगळं डोकं एकाच धाग्यावर चालतं. एक कोअर जुंपलेला, दुसऱ्याला काम नाही.

अण्णांची उभी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेली. त्यांना लगेच उमगलं. “म्हणजे सिंगल लाइन सेक्शन. शेजारी दुसरा रूळ आहे, पण गाडी त्यावर घेता येत नाही.”

अगदी तसंच. आणि गाड्या किती, तर अकरा राज्यांच्या. त्या दीड मिनिटात प्रत्येक राज्य आपल्या एकेका शहरात काय बांधायचं ते ठरवतं, कुणाशी तह करायचा ते तोलतं, मग एकेक पथक उचलून त्याची वाट शोधतं. डोंगर, नदी, शत्रूची हद्द यांचा हिशोब त्या प्रत्येक वाटेत. सुरुवातीला प्रत्येकाकडे दोन-तीन पथकं असतात, आता शेकड्यांनी आहेत. नकाशा अण्णांनी ‘ह्यूज’ घेतलाय, म्हणजे १२८ बाय ८०, दहा हजारांवर चौकोन. नेहमीचा ‘स्टँडर्ड’ ८४ बाय ५२ चा असतो, साडेचार हजारांच्या आतला.

दुसरी गोष्ट दिसली ती हार्ड डिस्कच्या दिव्याची. टर्नच्या मधोमध तो लागला की विझतच नव्हता. २ जीबी भरली होती आणि विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकून परत उचलत होतं. विचार करायला लागणारा वेळ वेगळा आणि ही ने-आण वेगळी. पहिला वेळ खेळाचा हक्काचा आहे. दुसरा फुकट जातो. मला जो काढायचाय तो हा दुसरा.

८ मे

उकाडा असह्य. दुपारी मशीनला हात लावला तर कॅबिनेटचा पत्रा तापलेला. रात्री उघडलं.

प्रोसेसरवरचा पंखा चार खुंट्यांवर असतो, प्रत्येक खुंटी पाव फेरा फिरवून वर ओढायची. पंखा सुटला आणि त्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, धुळीचा राखाडी थर निघाला, इतका घट्ट की चिमटीत धरून एकसंध उचलता आला. वारा पात्यांपर्यंत पोचतच नव्हता. थर्मल पेस्ट वाळून भुगा झाली होती. हे प्रोसेसर जास्त तापले की स्वतःला वाचवायला आपणहून वेग कमी करतात. डाव जितका लांब चाले तितका टर्न का लांबायचा, त्यातला एक भाग इथे सापडला.

ब्रशने पाती साफ केली, स्पिरिटने जुनी पेस्ट पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. रॅमच्या पट्ट्या काढल्याच होत्या, तर त्यांचे सोनेरी दातही खोडरबरने घासून घेतले. अण्णा टॉर्च धरून उभे होते. त्यांना धुळीचा तो तुकडा टाकू द्यायचा नव्हता, आईला दाखवायचा होता. दाखवला. तिने केरसुणी हातात दिली.

१० मे

ऑफिसला अर्धी सुट्टी टाकली, ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण डोंबिवलीपासून तिथपर्यंत कुणीही लॅमिंग्टन रोडच म्हणतं. डीडीआर टू रॅम आता नव्या दुकानांत दिसत नाही. जिन्याखालच्या एका जुन्या पार्टवाल्याकडे मिळाली, २ जीबीच्या दोन पट्ट्या. त्याने स्वतःच्या बोर्डवर लावून चालवून दाखवल्या, मगच पैसे घेतले. जुना पार्ट घ्यायचा तर असाच घ्यावा. एक छोटी एसएसडीही घेतली.

आपल्या मदरबोर्डला ४ जीबीच्या वर काही चालत नाही, आणि ३२ बिटचं विंडोज त्यातलीही सगळी वापरत नाही, तीन-सव्वातीन जीबी हाती लागते. शिवाय एकट्या प्रोग्रॅमला ते साधारणपणे २ जीबीपर्यंतचीच जागा देतं. म्हणून ह्यूज नकाशाचे डाव शेवटी शेवटी मेमरी संपल्याची चौकट दाखवून बंद पडतात. रॅम वाढवून ती मर्यादा जात नाही. पण विंडोज, अँटीव्हायरस आणि खेळ हे तिघं एकाच घोंगडीसाठी भांडायचे थांबतात.

११ मे

रविवार. सकाळीच रॅम आणि एसएसडी बसवली.

एसएसडीचं कौतुक फार ऐकतो आपण, आणि खेळ उघडताना ते पटतं. पूर्वी चहा होईपर्यंत चालायचं ते आता कप हातात घेईपर्यंत होतं. क्रिस्टोफर टिनचं ‘बाबा येतू’ हे सुरुवातीचं गाणं लगेच सुरू होतं. स्वाहिली भाषेतली प्रार्थना आहे ती. २०११ साली तिला ग्रॅमी मिळालं. व्हिडिओ गेमसाठी रचलेल्या संगीताला मिळालेलं ते पहिलंच. अण्णा ते पूर्ण होईपर्यंत डाव उघडत नाहीत. दर चार टर्ननी खेळ स्वतःहून डाव साठवतो, तिथला अडखळाही गेला. पण टर्नच्या आतल्या विचाराला एसएसडीचा काडीचा उपयोग नाही, हे नवी डिस्क घ्यायला निघालेल्या माणसाला कुणीतरी आधी सांगायला हवं. तिथे कामाला आली ती साफसफाई आणि रॅम. टर्न मिनिटाच्या आत आला.

१४ मे

आज खेळातल्या सेटिंग्ज. अण्णांना एकेक विचारून.

सैन्याचं प्रत्येक पथक तीन माणसांचं दिसतं ते एकाचं केलं. ॲनिमेशन गोठवलं. चित्रांचा बारकावा कमी केला. त्यांना काही वाटलं नाही. म्हणाले, नकाशा वाचायला उलट सोपा झाला. ‘क्विक मूव्ह्ज’ आणि ‘क्विक कॉम्बॅट’ चालू केलं. सर्वांत जास्त फरक पडला तो शत्रूच्या हालचाली दाखवायचं बंद केल्यावर. इतर राज्यांची पथकं आपल्या नजरेच्या टप्प्यात हलली की कॅमेरा तिथे धावतो, हालचाल पूर्ण होईपर्यंत थांबतो, मग पुढे. अण्णांच्या सीमा पाच राज्यांना लागून. टर्नमधला बराच वेळ गणितात जात नव्हता, तो हे दाखवण्यात जात होता. आता चाळीस सेकंदांच्या आसपास.

मजूर आपोआप काम करतील असं ठेवलं होतं, त्यांचाही विचार मशीनलाच करावा लागतो. भारताचा मजूर या खेळात खास आहे, इतरांचा दोन घरं चालतो तर आपला तीन. रस्ते, शेतं सगळी कधीच झालीत, तरी डझनावारी मजूर फिरत होते. अण्णांनी त्यांना शहरांत बसवलं. थोडे सेकंद तिथेही सुटले असावेत.

१७ मे

भाऊ आला होता. म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, लहान नकाशा आणि चार राज्यं घ्या, पळेल. अण्णा गप्प बसले. मला राग आला. अण्णांना अकरा राज्यांचाच डाव हवा असतो, कारण त्यांच्या डावात दूरच्या कोपऱ्यातलं एखादं मागासलेलं राज्य कुणाशी तरी तह करतं आणि पन्नास टर्ननी त्याचे परिणाम मनमाडला जाणवतात. ते काढून टाकलं तर उरलेल्या डावाचा वेग वाढून उपयोग काय? धूळ काढावी, दाखवेगिरी काढावी, डिस्कची ने-आण काढावी. विचार काढू नये. मी हे जरा मोठ्याने बोलले. आई मधे पडली.

२१ मे

उरलेले चाळीस सेकंद शुद्ध विचाराचे. पण विचारही चांगल्या रीतीने लिहिता येतो. सोरेन जॉन्सन हे या खेळाचे मुख्य रचनाकार, प्रतिस्पर्ध्यांची बुद्धीही त्यांनीच लिहिली. २००६ साली कंपनीने खेळाच्या नियमांचा आणि या बुद्धीचा सोर्स कोड खेळाडूंना खुला केला. ही फार मोठ्या मनाची गोष्ट. त्यातून पुढे कित्येक मॉड, म्हणजे खेळाडूंनी बदललेल्या आवृत्त्या, निघाल्या. त्यातलं ‘के-मॉड’ आज रात्री वाचत बसले. त्यात वाट शोधणारा भागच नव्याने लिहिलाय. एकाच टर्नमध्ये तेच ते हिशोब पुन्हा पुन्हा होणार नाहीत असं बघितलंय. प्रतिस्पर्धी अधिक हुशार खेळतात आणि तरी वेळ कमी घेतात. कुणीतरी विनामोबदला, रात्री जागून, दुसऱ्याच्या कोडमधली एकेक ओळ तपासली, म्हणून डोंबिवलीतल्या जुन्या मशीनवर हे शक्य होतं. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

अडचण एकच. मूळ खेळात साठवलेला डाव मॉडमध्ये उघडत नाही. अण्णांना सांगितलं. “मग हा आधी संपवू. अर्ध्यावर सोडायचा नाही.”

३० मे

डाव संपला. अवकाशयान अण्णांचंच पोचलं. चाळीस सेकंदांचे टर्न त्यांनी रोज संध्याकाळी खेळून काढले, शब्दकोडं परत सकाळवर गेलं.

जेवणानंतर के-मॉड टाकलं. नवा डाव मांडताना माझं म्हणणं होतं की मधला ‘लार्ज’ नकाशा घ्यावा, १०४ बाय ६४, म्हणजे मेमरीची चौकट तरी येणार नाही. त्यांनी वहीत गुणाकार करून बघितला, ६,६५६ आले, आणि कबूल झाले. राज्यं अकराची नऊ करायलाही तयार झाले. कुणाला गाळायचं यावर मात्र बराच खल झाला. मी मॉन्टेझुमाचं नाव सुचवलं. तो उठसूट लढाई उकरतो आणि प्रत्येक लढाईत शंभर पथकं हलतात. अण्णांना ते मुळीच मान्य नव्हतं. “तो राहू दे. त्याच्यामुळेच तर भुसावळला तोफा लागतात.” शेवटी इसाबेला आणि नेपोलियन गेले.