एक चमचा पाण्याने काय होतं?

"सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी देऊ नका." हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, याचा हिशोब नाही. मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजीत बीए केलं आणि पालकत्वावरचे लेख लिहिता लिहिता, स्वतः आई न होताच, बाळांबद्दल बरंच काही शिकले. निदान मला तसं वाटायचं. मागच्या मे महिन्यात हेच वाक्य मी आमच्या घरात मोठ्या आवाजात म्हटलं आणि ते किती अपुरं आहे हे कळलं.

आमचं घर अकोल्याला. इथला मे महिना कसा असतो हे विदर्भातल्या मैत्रिणींना सांगायला नको. पारा 45 च्या आसपास, दुपारी रस्ते ओस आणि वीज गेली की कूलर बंद. माझी भाची चिऊ मार्चमध्ये जन्मली. सव्वा महिन्यानंतर वहिनी तिला घेऊन माहेरहून परत आली. सहाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी चिऊचं वजन छान होतं. दहाव्या आठवड्याच्या लसीला गेलो, तेव्हा चार आठवड्यांत जेमतेम 400 ग्रॅम वाढलं होतं. या वयात दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते.

डॉक्टरांनी विचारलं, "वरचं काही देता का?" वहिनी म्हणाली, "काहीच नाही."

घरी आल्यावर ती रडली. आपलं दूध पुरत नाही, हे तिने मनात पक्कं केलं होतं. दादा पावडरच्या दुधाचा डबा आणायला निघाला होता, उन्ह उतरू दे म्हणून थांबला एवढंच.

त्याच दुपारी मला उत्तर सापडलं. वहिनीचा डोळा लागला होता. आजी मधल्या खोलीत चिऊला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या हातात चांदीचं बोंडलं होतं.

"आजी, काय देतेस?"

"घोटभर पाणी देते माय. ओठ पाहा तिचे, कोरडे पडले. एक चमचा पाण्याने काय होतं?"

एक चमचा नव्हता तो. दिवसातून तीन-चार वेळा, बोंडलं भरून. आणि मग मी ते वाक्य म्हटलं. सोबत जे जे लिहीत आले होते, तेही सगळं ऐकवलं. बाळाचं पोट इवलंसं असतं, ते पाण्याने भरलं की बाळ दूध कमी ओढतं. बाळ कमी ओढतं, म्हणून आईचं दूधही कमी होत जातं. पाणी जास्त झालं तर बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही, रक्तातलं सोडियम कमी होतं, बाळ सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात. शिवाय पाण्यातून जंतू जाऊन जुलाब होतात ते वेगळंच.

सगळं खरं होतं. आजीने बोंडलं खाली ठेवलं आणि ती उठून गेली.

रात्री गच्चीवर अंथरुणं घालताना ती आपणहून बोलली. बाबांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, हे मला माहीत होतं. कशी गेली ते माहीत नव्हतं. चार महिन्यांची होती. असाच उन्हाळा, आणि जुलाब सुरू झाले. घरातली मोठी माणसं म्हणाली, पोट बिघडलंय, आता दूध देऊ नका, पाणी देऊ नका. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची, तिने ऐकलं. "पोरगी जिभेने ओठ चाटत होती," आजी म्हणाली. "मी पाणी नाही दिलं."

मैत्रिणींनो, जुलाब झाले की बाळाचं दूध-पाणी तोडायचं, ही समजूत तेव्हा घरोघरी होती. ओआरएसची पाकिटं सहज मिळत नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी जे वाक्य ऐकून आजीने लेक गमावली, तेच वाक्य त्या दुपारी मी तिला पुन्हा ऐकवलं होतं. पाणी देऊ नका.

मग मी पुन्हा बोलले, पण या वेळी वेगळं. म्हटलं, आजी, चिऊला पाणी मिळतंय. आईच्या दुधात शंभरातले 87-88 भाग पाणीच असतं. कडक उन्हाळ्यातही बाळाची तहान त्यातूनच भागते. तिला तहान लागली असं वाटलं की तिला वहिनीकडे द्यायचं, आणि पाण्याचा पेला वहिनीच्या हातात द्यायचा.

दुसऱ्या दिवसापासून आजीने हे काम मनावर घेतलं. चिऊ दूध प्यायला लागली की माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन आजी हजर. मी तिला लंगोट मोजायलाही सांगितलं. दिवसाला सहा किंवा जास्त ओले, आणि लघवीचा रंग फिकट, म्हणजे बाळाला पाणी पुरतंय. आजी रोज रात्री आकडा सांगायची, "आज आठ." पावडरचा डबा आणावा लागला नाही. चौदाव्या आठवड्याच्या लसीला वजनकाट्याकडे आधी आजीनेच पाहिलं. वजन बरोबर वाढलं होतं.

तुमच्याही घरात ही ओढाताण चालू असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात सहा महिन्यांखालच्या शंभरातल्या साधारण 64 बाळांनाच निव्वळ आईचं दूध मिळतं. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. पावडरचं दूध घेणाऱ्या बाळालाही सहा महिन्यांआधी वेगळं पाणी लागत नाही. मात्र डब्यावरच्या मापात पाणी जास्त घालून दूध पातळ करू नका. डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, औषध किंवा ओआरएस यांना हा नियम लागू नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर अंगावरचं दूध थांबवू नका. टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल दिसलं, तर घरी उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

सहा महिने पूर्ण झाले की वरच्या अन्नासोबत उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं द्या. दिवसभरात साधारण अर्धा कप पुरतो. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, तो घासायला सोपा.

सप्टेंबरमध्ये चिऊला सहा महिने झाले. पहिला चमचा आजीनेच द्यायचा, हे वहिनीने आधीच सांगून ठेवलं होतं. आजीने पाणी उकळलं, गार केलं, वाटीत घेतलं. चिऊने अर्धं गिळलं, अर्धं थुंकलं. आजीने पदराने तिचं तोंड पुसलं आणि दुसरा चमचा भरला.

आता लेखात ते जुनं वाक्य आलं की मी तिथेच थांबत नाही. पुढे लिहिते, "दूध द्या, त्यातच पाणी आहे." तुमच्या घरातल्या आजींनाही हे असंच सांगा. आणि त्यांना पाणी का द्यावंसं वाटतं, तेही एकदा विचारा.