भोगावतीच्या काठाने

रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एस.टी. सुटली तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती. श्रावणातला पाऊस. थोडं ऊन, थोडी सर. धाकट्या बहिणीकडे भाजणीचं पीठ आणि तिच्या पोरांसाठी वह्या पोहोचवायच्या होत्या, आणि जमलं तर पुढे धरणापर्यंत जाऊन यायचं होतं. पुईखडी मागे पडली की कोल्हापूर संपतं आणि ऊस सुरू होतो. हळदी, कुरुकली, परिते... खिडकीतून नुसता ऊसच ऊस. मध्येच भाताची खाचरं, मध्येच एखादं गुऱ्हाळ, आता थंडावलेलं.

परित्याला भोगावती कारखान्याची चिमणी दिसली. हंगाम नसल्याने धूर नव्हता. ती चिमणी पाहून मला काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात पाहिलेली गोष्ट आठवली. वाचकहो, आपला ऊस गव्हाणीत पडतो, त्याचा रस निघतो, साखर होते, इथपर्यंत आपल्याला ठाऊक. पण उरलेला भुसा, बगॅस, बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते. कारखाना आपल्यापुरती वीज वापरतो आणि उरलेली सरकारी तारेवर सोडतो. तुमच्या शेतातल्या उसाची चिपाडं अशी तुमच्याच गावात दिवा होऊन परत येतात म्हणा ना!

ती वीज तारेवर सोडण्याआधीची दोन मिनिटं मी उभा राहून पाहिली. भिंतीवर घड्याळासारखं एक यंत्र, त्याला सिंक्रोस्कोप म्हणतात. त्याचा काटा सावकाश गरगरत होता. आपलं जनित्र आणि बाहेरची तार यांची चाल जुळली आहे की नाही, ते हा काटा सांगतो. आपल्या देशातली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. जनित्राचे हेलकावे तितकेच हवेत, दाब तितकाच हवा आणि चढउताराची वेळसुद्धा तीच हवी. काटा बाराच्या जागी येतो, तेवढ्यात ब्रेकर जोडायचा. चुकीच्या वेळी जोडला तर भल्यामोठ्या टर्बाइनला असा हिसका बसतो की दांडाच मोडायचा. धावत्या बैलजोडीच्या चालीशी चाल न जुळवता तिसरा बैल जुवाला जुंपला तर काय होईल, तसंच ते. जुन्या काळी काट्याऐवजी दिवे असत. ते मिणमिणत, पेटत, विझत, आणि पुरते विझले की जोडणी करायची. तिथल्या म्हाताऱ्या ऑपरेटरने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा हात खटक्यावर होता आणि डोळे काट्यावर. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

आणि बाहेरची तारच मेली तर? तेव्हा कारखाना स्वतःला तोडून घेतो. बाहेरच्या काळोखात आपली वीज वाया न घालवता एका बेटासारखा स्वतःपुरता चालू राहतो. हे सांगायला सोपं, साधायला अवघड. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. संकटात मुंबईला असं बेट करून वाचवायची व्यवस्था कैक वर्षांपासून होती, पण त्या दिवशी ते बेट टिकलं नाही. बेटावर जेवढी वीज बनते तेवढीच खपली पाहिजे. खप जास्त झाला की चाल मंदावते, आणि यंत्रं एकेक करून आपला जीव वाचवायला बाजूला होतात.

कौलव मागे टाकून गाडी राधानगरीला पोचली. तिथून फेजिवडेपर्यंत एका जीपवाल्याने सोडलं. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या धरणाचं काम हाती घेतलं. राधानगरी हे नाव त्यांच्या कन्या राधाबाईंवरून, आणि तलावाला लक्ष्मी तलाव हे नाव राणीसाहेबांवरून. धरण पुरं झालं ते मात्र स्वातंत्र्यानंतर. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. पावसाळ्यात तिथून सुटणारं पाणी वीज करूनच भोगावतीत उतरतं.

पण लोक लांबून येतात ते दरवाजे बघायला. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की दरवाजा आपोआप उघडतो, उतरलं की आपोआप मिटतो. कुणाला फोन करावा लागत नाही, कुणी चाक फिरवत नाही. त्या दिवशी दोन उघडे होते. विजेच्या जाळ्यात नेमकं हेच काम रिले नावाचं उपकरण करतं. मर्यादा ओलांडली की माणसाची वाट न बघता दरवाजा पाडायचा. फरक एवढाच, की दरवाजाला वेळ मिळतो आणि रिलेकडे सेकंदाचा छोटा तुकडाच असतो.

संध्याकाळी बहिणीच्या गावात उतरलो तेव्हा गाव अंधारात. दुपारीच झाड पडून तार तुटली होती. दारातच दाजींचा आवाज चढलेला.

"या पाव्हणं, बघा आमची मजा! पत्र्यावर सोलर बसवलं, पैसं भरलं, आन् दुपारी लखलखीत ऊन पडलं तरी घरात पंखा न्हाई. लाइट गेली की सोलर बी गप. मग ते काय पापड वाळवायला बसवलंय व्हय?"

दाजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बसवणाऱ्याने त्यांना हे आधी सांगायला हवं होतं. 2024 साली पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून गाजली, मग आपल्या करवीर तालुक्यातल्या शेळकेवाडीचं नाव झालं. पत्रे आणि कौलं आता गावोगाव निळी दिसू लागली आहेत. पण तारेला जोडलेलं साधं सोलर तार मेली की दोन सेकंदांच्या आत बंद पडतं, हे किती घरांत ठाऊक आहे?

दाजींचा थोरला तोवर शेजाऱ्याचा जनरेटर ढकलत अंगणात घेऊन आला होता. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर त्याच्या खांद्यावर. घरातल्या सॉकेटात एक टोक खुपसलं की सारं घर उजळणार. मी नको म्हणेपर्यंत वहीखाली ठेवलेला टॉर्च घेऊन बहीणच बाहेर आली आणि तिने टॉर्च रस्त्याकडे वळवला. चौथ्या खांबावर वायरमन होता. रेनकोटात, पट्ट्याने बांधलेला, उघड्या तारेला हात घालून.

पोरगं जागेवरच थबकलं.

अर्ध्या तासाने वायरमन खाली उतरला. बहिणीने त्याला चहा दिला. सॉकेटात घातलेली वीज घरात थांबत नाही, असं तो म्हणाला. मेन स्विच चालू राहिला तर ती खांबावर चढते. डीपी 11,000 व्होल्टचे 433 करते, तशीच उलटी गेली तर लहान दाबाचा मोठा दाब करते. "साऱ्या गावाचा भार आला तर जनरेटर धापा टाकून बंद पडतो, खरं हाय. पण तार तुटून तुमची दोनच घरं त्या तुकड्यावर ऱ्हायली तर? मग तो मस्त चालतो. आमी अर्थिंग करून चढतोच, पर एखादा दिवस घाईचा असतो दाजी."

सोलरचा इन्व्हर्टर हीच चूक करायला नकार देतो. तो तारेला सतत हलकेच ढकलून पाहतो. मागे सारं जाळं उभं असेल तर तार हलत नाही. ती हलली की त्याला कळतं, आपण एकटेच राहिलो. लगेच तो बाजूला होतो. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करतात, हा खुंटा हलवून बघतो आणि डुगडुगला की दावं सोडून देतो.

मग अंधारात बसायचं का? नाही. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो. तो तार गेल्यावर घराला आधी खांबापासून तोडतो आणि मगच चालू होतो. खर्च वाढतो, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, हेही धरून चाला. जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच हवाच. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, खांबाकडे नाहीतर जनरेटरकडे. लायसनवाल्या माणसाकडून बसवून घ्या.

अडचण अजून एक आहे, ती वायरमनने जाता जाता सांगितली. पूर्वी वीज पाटाच्या पाण्यासारखी एकाच दिशेने यायची, सबस्टेशनकडून शेताकडे. फ्यूज आणि रिले त्याच हिशेबाने बसवलेले. आता दुपारी घराघरांतून ती उलटी येते. एका डीपीवर सोलर फार झालं तर दाब वाढतो आणि शेवटच्या घराचा इन्व्हर्टर ऐन उन्हात बंद पडतो. कुठे शॉर्ट झालं तर दोन्ही बाजूंनी वीज धावते. मग दिशा ओळखणारे रिले लागतात. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याचंच घ्या की. बरगे कधी घालायचे आणि कधी काढायचे हे चुकलं की वरच्या गावात पाणी आणि खालच्या गावात कोरड.

2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. सबस्टेशनं पाण्यात, गावंच्या गावं अंधारात. तेव्हा दवाखाना, पाण्याची टाकी आणि शाळा एवढं तरी गावाच्या आपल्या विजेवर बेट करून चालवता आलं असतं, असं मला वाटत राहतं. ग्रामपंचायतींनी सोलरचा ठराव करताना बॅटरीचा आणि तोडणाऱ्या स्विचचा खर्चही त्यात धरावा.

रात्री सव्वानऊला लाइट आली. पत्र्यावरच्या सोलरला रात्री त्याचं काय! जनरेटर अंगणात तसाच होता. दाजींनी ती दोन पिनांची वायर उचलली, कोयत्याने मधोमध तोडली आणि पोराला म्हणाले, "उद्या परत द्यायला जाशील तवा सांग त्येला, वायर माझ्याकडनं तुटली म्हणून."