पिकअपची मोठी चाकं

उल्हासनगरचं फर्निचर अंबरनाथ-बदलापूरला पोचवणं, हीच आमच्या घराची रोजी. पावसाळ्यात खड्ड्यांना गाडीचं पोट घासतं, म्हणून भाईजाननी कंपनीच्याच मोठ्या मॉडेलची चाकं बसवायचं काढलं. बोल्टची भोकं जुळत होती, उंचीही मिळणार, मोह होणारच! पण भरल्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की मोठा टायर मडगार्डला घासू शकतो, चढावर ओढ कमी पडते. घेर ५ टक्के वाढला, तर काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी ४२ने पळते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ आहेच. अपघातानंतर विमावाल्याने याच चाकांवर बोट ठेवलं तर? अम्मी म्हणाली, "त्या गाडीत माझी लेकरं बसतात." भाईजाननी जुन्याच मापाचे नवे टायर घेतले. आता माल कमी भरतो, एक फेरी जास्त मारतो.