सतरा पौंड

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर रिकामं करताना आईची ट्रंक उघडली. इरकल लुगडी, ठुशीची रिकामी डबी. काय ठेवावं, काय द्यावं, उमजेना. तेव्हापासून, मोजक्या सामानावर घर सोडलेली एलिझाबेथ झेवियर टेट मनातून जात नाही. मुंबईची ही बाई मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेली. नवरा आधीच अमेरिकेत, मॉर्मनांच्या युटाला गेलेला. मागून तीही इंग्लंडमार्गे निघाली आणि १८५६ मध्ये हातगाड्या ओढत पायी युटाला निघालेल्या, विली नावाच्या म्होरक्याच्या तांड्यात सामील झाली. माणशी सामान सतरा पौंड, म्हणजे जेमतेम पावणेआठ किलो, अंथरूण-पांघरूणही त्यातच. तान्ही लेक प्रवासात गेली. ऑक्टोबरात वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं, तांड्यातली साठाहून अधिक माणसं दगावली. ती मात्र पोहोचली, युटातल्या सीडर सिटीत राहिली. श्रद्धेपायी इतकं सोसावं का, मला ठरवता येत नाही. तिच्यावर जीव मात्र जडलाय. माहेरची पत्रं तिला येत असतील का?